उतरलेला तांदूळ

लढाईची वर्षं होती आणि तांदूळ मोजूनमापून मिळत होता, तरी ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत आमच्या घरात मूठ ठेवायची पद्धत मोडली नाही. दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ परत काढायची आणि खिडकीतल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. गुड फ्रायडेला तीन वाजायच्या आत तो डबा घराबाहेर गेला पाहिजे, ज्याला गरज आहे त्याच्या हाती, असा नियम होता. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आम्हा मुलींना आणखी एक गोष्ट शिकवली होती. मूठ डब्यात टाकण्याआधी त्याच हाताने क्रुसाची खूण करायची, म्हणजे दान देवासमोरून जातं.

शाळा संपवून मी भिवपुरीला परत आले त्या वर्षी आईने मुठीचं काम माझ्याकडे दिलं. वडील वीजघरात नोकरीला होते. क्वार्टर्समध्ये आमची तीनच कॅथलिक घरं होती. फादर महिन्यातून एका रविवारी गाडीने येत आणि क्लबच्या खोलीत कॅरमची टेबलं भिंतीला लावून मिसेची प्रार्थना होई. मला मित्रमैत्रिणी नव्हत्या. शाळेत सगळं इंग्रजीत झालेलं, त्यामुळे मराठी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत समोरचं माणूस दुसरं काही बोलू लागायचं.

माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी एकच बाई होती. कडावच्या वाटेवरच्या एका गावातून ती आठवड्यातून दोनदा आमच्या मागच्या दाराशी वाल आणि लाकडं घेऊन यायची. पायरीवर बसून वाल मापताना गावातलं सगळं सांगायची. तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. होळीच्या सुमाराला तिला मुलगा झाला.

"पोरीला पेज द्यावी तर तांदूळ कुठाय?" ती एकदा म्हणाली. "सरकारात भरला तो भरला, उरला तो संक्रांतीलाच संपला. आमी भात पिकवायचा नि नाचणी खायची. हाय का नाय गंमत?"

ती हसली. मी हसले नाही. माझी नजर खिडकीतल्या डब्याकडे गेली. त्या दिवसापासून तो डबा माझ्या मनात तिच्या मुलीचा झाला. मी ते कुणाला सांगितलं नाही. मुठी मात्र मोठ्या होऊ लागल्या. माझी बोटं लहान आहेत याचं मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

गुड फ्रायडेच्या आठवड्यातल्या सोमवारी ती आली तेव्हा मी डबा तिच्यापुढे ठेवला. वाक्य सकाळपासून जुळवून ठेवलेलं होतं. "मावशी, हा तांदूळ तुमच्या मुलीसाठी."

तिने झाकण उघडून पाहिलं. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"नको बाय."

"का?"

"नको. तुमचा तुमाला ऱ्हाऊं दे. नायतर तिठ्यावर टाका."

चांगला तांदूळ तिठ्यावर का टाकायचा, मला कळेना. माझा चेहरा पाहून तिने आवाज खाली आणला. "मी बगितलाय ना. मूठ भरून तुमी अशी कपालापासून छातीवर नेली, मंग ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर. तुमाला हिवताप आलता तवापासून उतरताव. तुमचा ताप जावो, देव भला करो. पण त्यो उतारा माज्या बाळंतिणीच्या पोटात कसा घालू?"

आजारी माणसावरून, दृष्ट लागलेल्या मुलावरून भात-तांदूळ ओवाळून लांब टाकतात, हे मी ऐकून होते. उतरलेलं कुणी खात नाही. खाणाऱ्याला ते दुखणं लागतं. फेब्रुवारीत मी तापाने पडले होते हेही खरं. तिने पाहिलं ते सगळं बरोबर होतं, फक्त अर्थ तिचा होता. मला सांगायचं होतं, की ती आमची खूण आहे, पित्याच्या आणि पुत्राच्या नावाने. पण ते शब्द माझ्याकडे इंग्रजीत होते. मराठीत जुळेपर्यंत तिने टोपली डोक्यावर घेतली होती.

आईला हसू आलं. "दुसऱ्या कुणाला दे. तांदळाला नको म्हणणारं दुसरं कोणी भेटायचं नाही."

ते खरं होतं. पण दुसऱ्या कुणाला दिला असता, तर तिच्या मनात तो कायमचा उताराच राहिला असता. शिवाय मी आपलं दुखणं तिच्या नातवाच्या माथी मारायला निघाले होते, असंही तिला वाटत राहिलं असतं. गुरुवारी ती यायची होती, ती आली नाही.

शुक्रवारी सकाळी मी डबा घेऊन निघाले. त्या दिवशी तीनची प्रार्थना होईपर्यंत आमच्याकडे कुणी पाणीही घेत नसे. मोकळ्या पडलेल्या शेतांमधून बांधाबांधाने चालताना घसा कोरडा पडला. तिचं घर विचारत गेले, म्हणजे तीन बायकांशी बोलले. एवढं मी त्या महिन्यात कुणाशी बोलले नव्हते.

ती अंगणात होती. मला पाहून उठली, डबा पाहून थांबली.

"उतारा नाही, मावशी," मी म्हटलं. "देवाचं नाव घेतलं. आम्ही जेवायच्या आधी पण तसंच करतो."

"जेवायच्या आधी?"

"हो."

आत मूल रडत होतं. तिने डबा घेतला. "मंग असं करू. मी ह्याची पेज शिजवते. पयली तुमी प्या. तुमी प्यायलाव, मंग माजी पोर पिईल."

आज माझा उपास आहे, हे वाक्य मला येत होतं. अगदी सोपं होतं. पण ते बोलले असते तर ती काय समजली असती, तेही मला दिसत होतं.

पेज शिजेपर्यंत मी ओट्यावर बसले. दारातून बाळंतीण दिसत होती, माझ्याच वयाची, भिंतीला टेकून बसलेली. ती माझ्या बुटांकडे पाहत होती. तिच्या आईने जर्मनच्या वाडग्यात पेज आणली, वर मिठाचा खडा. मी आधी कपाळाला हात नेला, छातीवर, दोन्ही खांद्यांवर. रिकामा हात, तिच्यासमोर, सावकाश. मग वाडगा तोंडाला लावला.

"आता समजला," ती म्हणाली आणि आत वळून मुलीला म्हणाली, "ऊठ गं, बस नीट. पेज निवते."

मुलगी दोन्ही हातांनी वाडगा धरून प्यायली, मध्ये न थांबता. मीही माझ्या वाडग्यातली सगळी प्यायले.

घरी पोचले तेव्हा आई टेबलावर पांढरं कापड घालत होती. माझ्या हातात डबा नाही हे तिने पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओठ पूस. प्रार्थनेला बसायचंय."

ईस्टरनंतर फादर आले तेव्हा मी पापनिवेदनात गुड फ्रायडेला खाल्ल्याचं सांगितलं. कारणही सांगितलं. मग उरलेलंही सांगितलं. पहिला घोट तिच्या समाधानासाठी होता. त्यानंतरचे माझे होते. मला फार भूक लागली होती आणि पेज फार छान लागली होती.

पडद्यापलीकडून त्यांनी विचारलं, "आणि बाळ?"

"बरं आहे, फादर."

पुढच्या वर्षी उपास लागले तेव्हा मी सिस्टरांचा क्रम थोडा बदलला. आधी रिकाम्या हाताने खूण करायची, मग मूठ भरायची. आणि डबा खिडकीतून काढून मागच्या दाराशी ठेवला, पायरीवर बसून वाल मापणाऱ्या माणसाला दिसेल असा.