बाबालालने टांगलेलं दार

बाबालाल गेल्याचं कळलं तेव्हा लोखंड कातायचं माझं लेथ चालू होतं. शेजारचा वेल्डर दारात येऊन काहीतरी ओरडला, मला ऐकू आलं नाही. मी मशीन बंद केलं. "बाबालालभाई गेलं की ओ... सकाळी च्या पीत बसल्यालं, तितंच," तो म्हणाला. उद्यमनगरात बाबालालची आणि माझी शेडं पाठीला पाठ लावून उभी. मधल्या पत्र्यातून त्याचा आवाज आयुष्यभर ऐकत आलो. त्या सकाळी पलीकडे सगळं शांत होतं, आणि ते मला माझ्या मशीनच्या आवाजात समजलंच नव्हतं.

बाबालाल जुन्या गाड्यांच्या बॉडीची कामं करायचा, त्यातही दारांची. नम्र वगैरे अजिबात नव्हता. "कोल्हापुरात दार टांगावं ते ह्या बाबालालनं, बाकीची नुसती लटकावत्यात," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा आणि वर चहाही त्याच्याकडूनच प्यायचा. मी त्याला 'फुशारक्या' म्हणून चिडवायचो. पण खरं सांगतो, त्याचे हात चालू असले की मी माझं काम टाकून बघत उभा राहायचो.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची जीप आहे. आईचे गुडघे गेले तशी ती दुसऱ्या कुठल्या गाडीत बसेना. ठेंगण्या गाडीत तिला वाकवत नाही, आणि कुणी काखेत हात घालून उचललेलं खपत नाही. जीपच्या पायरीवर पाय ठेवायचा, दाराला धरायचं आणि स्वतःला वर ओढून घ्यायचं, ही तिची रीत. पण बिजागऱ्या झिजून दार इतकं खचलं होतं की एकदा ते तिच्या हातासकट खाली बसलं. ती पडता पडता वाचली, आणि त्यानंतर तिनं घराबाहेर पडणंच सोडलं. त्यातच आजऱ्याहून निरोप आला, मावशीनं अंथरूण धरलंय. आई उंबऱ्यात बसून रडायला लागली, "थोरली आता मला दिसायची न्हाई."

मी जीप बाबालालकडे नेली. त्यानं दाराखाली गुडघा लावून ते वर उचललं, सोडलं, पुन्हा उचललं. इतरांनी मला सांगितलं होतं, जुन्या बिजागऱ्या कापा, नव्या वेल्ड करून टाका. त्यानं वेल्डिंगचं नाव काढू दिलं नाही. बिजागऱ्यांच्या गंजून बसलेल्या पिनांवर डिझेल सोडलं आणि हलक्या हातानं ठोकत राहिला. एक ठोका, मग कान लावून ऐकायचं, मग दुसरा. दुपार कलली तेव्हा पहिली पिन सुटली. मधोमध झिजून ती पार डमरू झाली होती. तळहातावर घेऊन तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसला.

"बघ रं," शेवटी म्हणाला, "इतकी वर्सं तुझ्या आईचं वझं हिनं झेललंय. आन आपण दाराला शिव्या देतोय!"

नव्या पिना आणि त्या ज्यांत फिरतात ते पितळी बुश मी करून दिले. बुशात पिन घालून तो म्हणायचा, "घट हाय." मी पिन लेथवर केसभर उतरवायचो. "आजून." असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी पिन बुशात आपल्या वजनानं सावकाश उतरत गेली आणि माझ्या अंगावर काटा आला. जन्म लेथवर गेलाय माझा, पण असं बसणं मी पाहिलं नव्हतं.

दार चढवलं... आणि ते लागेचना! मी कपाळाला हात लावला. बाबालाल मात्र खो खो हसत सुटला. दार जसजसं खचलं, तसतसा वडिलांनी चौकटीवरचा कुलपाचा खटका खाली सरकवला होता. जुन्या गाड्या पाळणारे आम्ही सगळे हेच करतो. आता दार वर आलं, खटका मात्र खालीच राहिला होता. "दाराची खोड झाकाय तुझ्या बानं चौकट बिघडवली की," म्हणत त्यानं खटका मूळच्या भोकांत वर नेऊन बसवला. मग तो पैलवानी अंगाचा माणूस दोन्ही पाय उचलून दाराला चक्क लोंबकळला. जीप एका अंगाला कलली, दार तसूभर खचलं नाही.

"जा आता, काकीला घिऊन ये," तो लटकल्या लटकल्या म्हणाला.

आई आजऱ्याला गेली. दोघी बहिणी एका खाटेवर बसून दिवसभर बोलल्या. मावशी त्यानंतर थोड्याच दिवसांत गेली. हे बाबालालला सांगितलं तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि विचारलं, "भेट झाली न्हवं पर?"

तो गेल्यावर आईनं हट्टच धरला, त्याच्या बायकोला, भाभीला भेटायचंय. त्यांचं घर माडीवर. आईला जिना चढवेना, म्हणून भाभीच खाली आल्या आणि जीपच्या पुढच्या बाकावर आईला खेटून बसल्या. आईनं त्यांचा हात धरून ठेवला होता. थोड्या वेळानं भाभी उतरल्या. मी दार लावायला पुढं झालो.

"ऱ्हाऊ द्या भावजी, मी लावतो. त्यांच्या हातचं हाय न्हवं?" भाभी म्हणाल्या.

त्यांनी दार लावलं. क्षणभर थांबून पुन्हा उघडलं, बिजागरीवर तळवा ठेवला. मी किल्लीला हात घातला तसं आईनं मला खुणेनंच अडवलं. मग आम्ही दोघं तसेच बसून राहिलो... भाभी दार लावत होत्या, उघडत होत्या, पुन्हा लावत होत्या.