गोदीच्या काळजाबद्दल मी जे बोलले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या एका गोष्टीपाशी आले की घाईघाईने पुढे सरकते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही गोदीला पाहिलेलं नाही. जे तिला ओळखत होते त्यांच्या तोंडाकडे बघून हे बोलणं मला जमायचं नाही.

मुरबाडात मला चांगली बाई म्हणतात. दहा वर्षं मुलींच्या शाळेत शिकवते. मुलींवर कधी हात उगारला नाही. खरंच नाही. पण हे मी तुम्हाला आधी का सांगते आहे? बघा — अजून आडवळणानेच चालले आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधी गोदी आणि मी एकाच बाईंकडे फायनलच्या, म्हणजे मराठी सातवीच्या, परीक्षेचा अभ्यास करायचो. गोदी कुणब्याची, सोळाव्या वर्षी नवरा गेला म्हणून बापाच्या घरी परत आलेली. तिचे वडील, धोंडूबाबा, खोंड शिकवून तयार करायचे आणि म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत विकायचे. विधवा पोरीला शाळेत धाडतो म्हणून आळी हसली, तरी त्यांनी धाडलं. मी कारकुनाची मुलगी. घरात पुस्तकं होती, समजावून सांगायला वडील होते. आणि तरीही — गोदी माझ्याहून हुशार होती. एवढं एक वाक्य कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

मुलींच्या शाळेत नव्या बाईची जागा एकच निघणार होती. ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. ती त्यावर हसायची. मी हसत नसे.

परीक्षा जवळ आली की तिची छाती धडधडायची, तळवे ओले व्हायचे. माझंही तसंच व्हायचं. फरक एवढाच की ती त्याला भ्यायची नाही. जुंपायच्या आधी खोंड फुरफुरायला लागला की धोंडूबाबा खूश व्हायचे — आता याच्या अंगात जोर आला, म्हणायचे. पोरीलाही त्यांनी तेच सांगितलं होतं. एकदा शाळा तपासायला साहेब आले, तेव्हा तिने माझा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला.

“बघ गो दुर्गे, कशी उडतेय! आता मला समदं आठवंल.”

आणि तिला सगळं आठवलं. मी मात्र अडखळले.

कल्याणला परीक्षा होती. सकाळच्या मोटारीने आम्ही दोघी निघालो. वाटेत तिने पुन्हा माझा हात घेतला, पुन्हा तशीच हसली. आणि मी म्हणाले — किती सहज म्हणाले! — “गोदे, तुला सांगणार नव्हते. शहापूरचे माझे मामा वैद्य आहेत ना, ते म्हणतात, अशी छाती उडते त्यांचं काळीज कच्चं असतं. माझी मावशी अशीच बसल्या जागी गेली.”

मला मावशी नाही. कधीच नव्हती. आणि मामा नेमकं उलट म्हणाले होते. आदल्याच आठवड्यात मी घाबरून त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, धडधडू दे, रक्त धावतंय, डोकं नीट चालेल. ते शब्द मी स्वतःसाठी ठेवून घेतले. आणि तिला दिलं ते असं.

 तिने माझा हात सोडून दिला.

परीक्षेला ती माझ्या दोन बाकं पुढे होती. गणिताच्या पेपराला मी मान वर केली, तर गोदी डाव्या मनगटावर दोन बोटं दाबून बसली होती. टाक तसाच पडलेला. मी पाहिलं. पाहून खाली मान घातली आणि माझी गणितं सोडवली.

मी पास झाले. जागा मला मिळाली. पुढच्या वर्षी धोंडूबाबांनी तिला पुन्हा तयार केलं. मोटारीपर्यंत ती आली, पायरीवर पाय ठेवला आणि मटकन खाली बसली. त्यानंतर विहिरीवर जाणं थांबलं. मग जत्रा. मग अंगणाच्या पलीकडे जाणंच थांबलं. काळीज जरा जोरात चाललं की ती आडवी व्हायची, आणि आडवी होऊन त्याचेच ठोके ऐकत राहायची.

किन्हवलीच्या एका बिजवराने तिला मागणी घातली. भला माणूस होता. पाट लावू का, पुन्हा संसार मांडू का, असं विचारायला तिने मला घरी बोलावून घेतलं, तेव्हा मी मामांना बोलावलं. मनाशी म्हटलं, त्यांच्याच तोंडून खरं कळेल, मला बोलावं लागणार नाही. मामांनी बराच वेळ नाडी धरली. “पोरी, तुला काहीएक झालेलं नाही. खुशाल संसार कर.”

ते गेल्यावर गोदी म्हणाली, “मला वाईट वाटू नये म्हणून बोलले गो ते. तुला मागंच खरं सांगितलंय त्यांनी.”

तेव्हा आम्हा दोघींशिवाय खोलीत कुणी नव्हतं. एक वाक्य पुरे होतं. मी खोटं बोलले — बस्स, तीन शब्द. मला काय झालं असतं? तिने शिव्या दिल्या असत्या. गावाने नावं ठेवली असती. मी म्हणाले, “तुझ्या मनाला पटेल ते कर.”

तिने त्या माणसाला नकार कळवला.

लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या घरी सगळ्यांना हिवताप झाला. सगळे उठले. गोदीच्या अंगात उठण्याजोगं काही उरलं नव्हतं.

दहाव्याला मी गेले. धोंडूबाबांनी मला घोंगडी टाकून दिली, स्वतः भुईवर बसले. म्हणाले, “बाई, आमी अडाणी. मी तिला सांगायचो, छाती उडते ती जोराची खूण हाय. माझंच चुकलं. तुमी पयलं वळखलं म्हणून एवढी वर्सं तरी जगली पोर.”

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी. मग आतून कुणीतरी कोरा चहा आणून ठेवला, आणि तो मी सगळा प्यायले.