काकीची गोधडी

ही गोधडी उन्हात टाकली की तिच्या वासानं काकाचा शेवटचा दिवस आठवतो. काका पलटणीतला, म्हणून तो गेला तेव्हा पोलादपुरात शिपाई आले. त्यांनी त्याच्यावरची गोधडी काढून निशाण घातलं. काकीनं लुगड्यांची शिवलेली, मधे खाकी ठिगळाची ती गोधडी रिवाजानं सरणावर जायची होती. मला ती फार आवडायची. मी पोरगी, पण लहान, म्हणून नदीवर सरणाकडे जाताना कुणी अडवलं नाही. बंदुका झाडल्यावर शिपायांनी निशाणाची घडी करून काखेत मारली. मी विचारलं, "ते त्यांचं कापड परत नेतात, मग आपली गोधडी कशाला जाळायची?" "गप गो!" बाबा ओरडले. आजोबा म्हणाले, "पोर खोटं नाय बोलत. ने घरी." काकीनं ती धुऊन वाळत घातली. आता मी पांघरते. त्या निशाणाखाली पुढं कोण निजलं, ते मात्र कळलं नाही.