चरबीची चकाकी

चेक देशातल्या मोराव्हिया प्रांतातल्या एका गावात चकाकीला सगळे ‘ग्लान्त्स’ म्हणत, आणि ईस्टरच्या रंगीत अंड्यांवर ती आणावी अपोलेना मावशीनंच. तिचं हत्यार एकच, डुकराच्या खारवलेल्या चरबीचा तुकडा. अंडं त्यावर घासलं की झालं. चाळीस वर्षं ईस्टरच्या प्रदर्शनात मधलं टेबल तिचं होतं. यंदा मात्र प्रदर्शनाची नवी प्रमुख ब्लाझेना म्हणाली, "मावशी, चरबीचा वास येतो. आता सगळे व्हार्निश लावतात. तुम्ही आपलं दाराजवळच्या टेबलावर बसा."

"बसते की. दाराशी उजेड बरा असतो."

प्रदर्शनाच्या सकाळी ब्लाझेनानं आपली टोपली उघडली, तर आदल्या संध्याकाळी घाईघाईनं फासलेलं व्हार्निश अजून ओलंच. साठच्या साठ अंड्यांना टोपलीतला पेंढा चिकटून दाढ्या फुटल्या होत्या. पाहुणे आत येत होते आणि मावशीची लाल अंडी उन्हात अशी झळकत होती, की दारापुढे कुणी सरकेचना.

ब्लाझेना खाली मान घालून आली. "मावशी, मधल्या टेबलावर येता का?"

"येते की. पण वासाचं काय?"

"कसला वास?" म्हणत ब्लाझेनानं स्वतःच मावशीची टोपली उचलली.