उभ्या आघाड्याला हळदीकुंकू

साडीच्या काठाला चिकटलेली आघाड्याची कुसळं वेचताना मला दरवेळी माझी रानफुलांची पहिली फेरी आठवते. मी लातूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, आणि हरतालिकेच्या आदल्या दिवशी शिरूर अनंतपाळजवळच्या माळावर आमच्या गल्लीतल्या बायांना फुलं दाखवायला घेऊन गेले होते. सासूबाईही आल्या, पण त्या पूजेच्या पत्रीसाठी, रिकामी पिशवी घेऊन. माळ केन्याच्या निळ्या फुलांनी आणि कुर्डूच्या गुलाबी तुऱ्यांनी भरला होता. पुढे झाडीत शिरलो तसा ओल्या पाल्याचा वास आला आणि झुडपावर चढलेली कळलावी दिसली, लाल-पिवळी, पेटल्यासारखी. काही तोडायचं नाही, हे मी निघतानाच बजावलं होतं. तरी सासूबाईंचा हात आघाड्याकडे गेला. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. घरी मी त्यांना कधी उलट शब्द बोलले नव्हते. धीर करून म्हणाले, "आत्याबाई, तोडू नका." त्यांनी हात मागे घेतला, पदर सावरला, कनवटीची पुडी सोडली आणि त्या उभ्या आघाड्यालाच हळदीकुंकू लावलं. मग बायांकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐकलं न्हाई का? म्याडम म्हनल्या, तोडायचं न्हाई. या, हितंच कुंकू लावा." घरी आल्यावर त्याच म्हणाल्या, "चहा टाक गं," आणि मी तो मॅडमच्या ऐटीत टाकला. आज मला सगळेच मॅडम म्हणतात. ऐट मात्र अजून त्या एका 'म्याडम'ची आहे.