जगातल्या ख्रिश्चनांचा इन्चार्ज

आमच्या क्रिकेट टीममध्ये अकरा जण. त्यात ख्रिश्चन मी एकटा. त्यामुळे झालंय काय, जगात जेवढे ख्रिश्चन आहेत त्या सगळ्यांचा इन्चार्ज आपण! पोप आजारी पडला, विचारा सायमनला. पिक्चरमध्ये हिरोईन चर्चमध्ये जाऊन रडली, "काय रे सायम्या, तुमच्यात असं मोठ्याने रडायला देतात?" अरे मला काय माहीत! मी नववीत दुसऱ्यांदा बसलोय. आणि चर्चच्या धर्माच्या वर्गातून मला इतक्या वेळा बाहेर काढलंय, की बाहेरच्या बाकड्याला सगळे 'सायमनचा बाक' बोलतात.

पण विचारणारे विचारतात, मी काहीतरी ठोकून देतो, आणि किस्से साठत जातात. डब्यात सुटे खिळे साठतात ना, तसे. मजेत हात घालायचा, आणि मधेच एखादा टोचतो.

*

आम्ही कांदिवलीच्या गावठाणातले. माझी आजी मरेपर्यंत लुगडं नेसली. घरात मराठीच. पण लोकांच्या डोक्यात एकदम फिट्ट बसलंय: ख्रिश्चन म्हणजे इंग्लिश.

शाळेत पीटीचे नवीन सर आले. हजेरीत माझं नाव वाचलं आणि चेहरा असा खुलला, की मलाच लाज वाटली.

"सायमन! स्पोर्ट्स डेला अनाउन्सिंग तू करायचं. इंग्लिशमध्ये. पाहुणे येणार आहेत."

"सर, मला इंग्लिश येत नाही."

"लाजतोस काय? घरी तेच बोलता ना तुम्ही?"

"घरी आई शिव्या घालते सर. त्यापण मराठीत."

सरांना वाटलं, पोरगा नम्र आहे.

तो दिवस आला. पाहुणे खुर्चीत, पोरं चुन्याच्या रेषेवर वाकलेली, माईक माझ्या हातात. माझं सगळं इंग्लिश क्रिकेटमधलं. मी छाती फुगवून ओरडलो, "ऑन युवर मार्क! गेट सेट! हाऊज दॅट!!"

निम्मी पोरं पळाली. निम्म्यांनी बोट वर केलं.

*

सुन्या आमचा ओपनर. मालवणकडचा, राहतो आमच्या मागच्या चाळीत. त्याच चाळीतला मिलिंद आमचा विकेटकीपर. त्याचं घर बौद्ध. गेल्या नाताळात दोघं माझ्याबरोबर सकाळच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला आले. का? तर चर्चमध्ये वाईन आणि केक वाटतात, अशी पक्की खबर होती.

वाईन फक्त फादरनीच घेतली. सुन्या माझ्या कानात, "सगळ्यांसमोर? एकटाच? कुणाला विचारत पण नाही?"

मग कम्युनियनची लाइन लागली. फादर एकेकाच्या जिभेवर पातळ पांढरी चकती ठेवतात, ती. हे दोघं पण उठले. माझ्या आईने दोघांचे शर्ट मागून धरले. "तुम्ही बसा रे."

बाहेर आल्यावर मिलिंद बोलला, "काकी, आम्हाला का नाही? जातीचं आहे का?"

मस्करीत नव्हता विचारत.

आई चालता चालता थांबली. "नाही रे बाबा. आधी वर्ग असतो, शिकावं लागतं, ते मानावं लागतं, मग मिळते. ह्या सायमनला बघ. माझ्या पोटचा पोरगा, पण ह्याला दोन वर्षं लाइनीत उभा नाही केला. वर्गात उंदीर सोडला होता."

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुमच्यात नापास झालेल्याला पण शेवटी मिळतं?"

"मिळतं ना!"

"झकास!" बोलला, आणि आमच्या पायरीवर बसून चार करंज्या हाणल्या. पण घरी जाताना गेटमधून परत आला. आईला हळूच विचारलं, "नक्की जातीचं नाही ना, काकी?"

*

आता सुन्याच्या बाबांचं सांगायला पाहिजे. त्याशिवाय पुढचं नाही कळणार.

ते गिरणीत होते. संप लांबत गेला. एका सकाळी, "भिवंडीला लूमवर काम बघून येतो," बोलले आणि गेले. ते गेलेच. पोलीस, हॉस्पिटलं, गाव, सगळीकडे शोधलं. जिवंत आहेत की नाहीत, कुणालाच माहीत नाही. काकू, म्हणजे सुन्याची आई, रोज कुंकू लावते. संध्याकाळी आमच्या चर्चची सातची घंटा वाजली की देवापुढे दिवा लावते आणि दारात येऊन उभी राहते. स्टेशनकडून येणारी माणसं बघत.

तर ही घंटा आमच्या आख्ख्या गल्लीचं घड्याळ आहे. ती वर्षातून एकदाच गप्प बसते. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्रीपासून शनिवारी रात्रीपर्यंत. येशूच्या मरणाचं दुःख, म्हणून. ह्या वर्षी त्यावर गल्लीत काय काय ऐकलं! वाणी बोलला, घंटा चोरीला गेली. मिलिंदचा काका बोलला, फादरपण संपावर गेला.

मी बॉल शोधत चाळीत गेलो तर काकू दारात. अंधार पडायला आला तरी दिवा नाही.

"सायमन, आज घंटा कित्याक वाजाक नाय रे? कोण गेलो?"

मी आपला नेहमीच्या स्टाइलमध्ये, "देवच गेलाय काकू! रविवारी येणार परत."

"रविवारी? नक्की येतलो?"

"दरवर्षी येतो."

काकूने रस्त्याकडे बघितलं. "बरां आसा रे तुमचां. तुमचो देव वार तरी सांगान जाता."

बॉल समोर पडला होता. मी तो न घेताच आलो.

*

कन्फेशनबद्दल तर सगळ्या टीमचं एकच मत. पाहिजे ते करा, शनिवारी फादरला सांगा, पाटी कोरी! मिलिंद बोलायचा, "यार, ही सोय आमच्यात पाहिजे होती."

पावसाळ्यात चर्चच्या पेरूचं झाड आम्ही साफ केलं. वॉचमन शोधत फिरायला लागला तशी सुन्याची टरकली. मी बोललो, "डायरेक्ट फादरला सांगून टाक. आत लाकडी खोपटं आहे, गुडघ्यावर बस, बोल, खलास. मग वॉचमनचा बाप पण हात लावू शकत नाही."

सुन्या खरंच गेला! मी खांबाच्या मागे.

जाळीतून फादरचा आवाज, "बोल बाळा."

"फादर, तुमचे पेरू मी चोरले."

"पश्चात्ताप होतोय का?"

"खूप होतोय फादर. कच्चे होते."

मग फादर, "तू आमचा नाहीस ना रे?"

"कसं ओळखलं?"

"आमची पोरं आधी दुसऱ्याने काय केलं ते सांगतात."

सुन्याने विचारलं, "मग आता माफ ना, फादर?"

"माफीचं देव बघेल. झाडू माझ्याकडे आहे. महिनाभर कंपाउंड झाडायचं. आणि खांबामागे सायमन उभा असेल, त्याच्यासाठी पण एक झाडू घे."

सुन्याने माझं नाव पण घेतलं नव्हतं!

*

त्याच महिन्यात पितृपक्ष आला आणि मुलुंडहून सुन्याचे मामा आले. काकूला समजवायला. "आता भावोजींचां श्राद्ध घाल. जीव भटकत असात त्यांचो."

काकू भात ढवळत होती. "जित्या माणसाचां श्राद्ध घालू?"

"आणि नसले तर? उपाशी ठेवतलंस त्यांका?"

काकूने डाव असा आपटला, की मामा चपला हातात घेऊनच बाहेर आले. सुन्या मला नंतर बोलला, "दोघांचं पण बरोबर आहे रे. हेच तर लफडं आहे."

मामांना कुणीतरी सांगितलं, भाचा रोज चर्चमध्ये जातो. वाट लागली! मामा धावत आले. आता मामांची समजूत काय, तर फादरने अंगावर पाणी शिंपडलं की माणूस जागच्या जागी ख्रिश्चन होतो. आणि त्या टायमाला फादर काय करत होते? धूळ उडू नये म्हणून डबा घेऊन पाणी शिंपडत होते, आणि पुढे सुन्या झाडत होता!

"अरे बाटवलो! बाटवलो माझ्या भाच्याक!"

फादर डबा घेऊन तसेच उभे. "काय झालं?"

"तुम्ही ह्याला ख्रिश्चन करताय!"

फादरनी झाडूला टेकून उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. "ह्याला पंधरा वर्षं करतोय. अजून जमलं नाही. तुमच्या भाच्याचा नंबर कधी लागायचा?"

वॉचमन हसला, मी हसलो. मामा नाही हसले. त्यांनी सुन्याचा शर्ट तिथेच उतरवायला लावला आणि नळाखाली धुतला. पाणी लागलं होतं ना!

*

दोन नोव्हेंबरला आमच्यात मेलेल्यांचा दिवस असतो. सगळे सिमेट्रीत जातात, कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. संध्याकाळी फादर बादली घेऊन फिरतात आणि प्रत्येक कबरीवर ब्रशने पवित्र पाणी शिंपडतात. गल्लीतल्या पोरांची समजूत अशी, की त्या दिवशी आमची भुतं वर येऊन बसतात. ती मीच पसरवलीय.

ह्या वर्षी आजीची कबर घासायला सुन्या आणि मिलिंद पण आले. घासून झाल्यावर आईने उरलेल्या मेणबत्त्या उचलल्या आणि मधल्या मोठ्या क्रॉसखाली लावायला लागली.

मिलिंदने विचारलं, "काकी, इथे कोण पुरलंय?"

"इथे कुणी नाही. माझे आईवडील मनोरीला आहेत. आज होडीने कुठे जाणार? ज्यांची कबर लांब आहे त्यांची मेणबत्ती इथे लावायची."

सुन्या खाली बसून मेण खरवडत होता. "आणि कबर कुठे आहे तेच माहीत नसेल तर?"

"त्यांची पण इथेच."

"पण मेलेलाच पाहिजे ना?"

माझ्या आईकडे सगळ्याचं उत्तर असतं. फादरला पण दोनदा चूक दाखवलीय तिने. ह्या वेळी तिने एक मेणबत्ती आणि माचिस सुन्याच्या हातात दिली.

सुन्या क्रॉसपर्यंत गेला. परत आला. मला बोलला, "इथे लावली तर बाबा गेले असं होतं. आईला कळलं तर?"

"मग घरी लाव."

"आणि गेले असतील तर? त्यांच्यासाठी कुणीच काही नाही केलं, असं होतं ना."

मला कायतरी टाकायचं होतं मधे, हसवायला. त्याऐवजी मी त्याच्या मेणबत्तीची वात सरळ केली.

तो चालत गेटपर्यंत गेला. तिथे कंपाउंडची भिंत आहे, कमरेएवढी. त्याने तिच्यावर मेणाचे थेंब पाडले आणि बरोबर मधोमध मेणबत्ती उभी केली. आत पण नाही, बाहेर पण नाही. आम्ही दोघं त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. सातची घंटा वाजली.

फादर शेवटच्या लाइनीतून पाणी शिंपडत गेटपाशी आले. भिंतीवरची मेणबत्ती बघून थांबले.

"कुणाची?"

"बाबांची."

फादरनी ब्रश बादलीत बुडवून वर उचलला. सुन्याने पटकन ज्योतीवर दोन्ही हात धरले.

"फादर, पाणी नको. त्यांचं... अजून ठरलं नाही."

ब्रशचं पाणी फादरच्या चपलेवर टपटपत होतं. मग त्यांनी ब्रश परत बादलीत ठेवला.

"बरं," बोलले. "पण हात काढू नकोस. वारा आहे."