तासांची हमी

माझी मुलगी पायलट आहे. तिने पहिली नोकरी निवडली ती माझ्या सांगण्यावरून, आणि सांगताना मी तिच्यापासून एक कलम लपवलं. हे आजवर मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ बोललो असतो, पण ती आदल्याच वर्षी गेली होती.

आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मिनिस्ट्रीत माझं काम करार वाचण्याचं. साहेब लोक करार पूर्ण वाचत नाहीत. मी वाचतो, चार वाक्यांत तोंडी सांगतो आणि सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारतो. ही पद्धत कधी घरात शिरली ते कळलंच नाही. बँकेचा कागद असो की कॉलेजचा, मायलेकी फक्त फुली शोधायच्या. "बाबाने मारलीय ना? झालं तर मग."

लायसन्स हातात आल्यावर ती बरेच दिवस घरी बसून होती, आणि मग एकाच आठवड्यात दोन कंपन्यांची पत्रं आली. दोन्ही लहान, पंख्यांच्या विमानांनी छोट्या शहरांना जोडणाऱ्या. एकीचा तळ दिल्लीत, दुसरीचा गुवाहाटीला. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तिने दोन्ही करार पसरले. खिडकीतून हिवाळ्याचं ऊन येत होतं, तिच्या ओल्या केसांवर, कागदांवर, मीठदाणीवर.

"दिल्लीवाल्यांचा फिक्स पगार जास्त आहे, यार. पण बाँड लांबलचक, मधेच सोडलं तर दंड. गुवाहाटीवाले कमी देतात, पण लवकर सोडतात. सांग आता."

"तुला काय वाटतं?"

"मी विमान बघते. कागद तुझं डिपार्टमेंट."

मी वाचू लागलो. पायलटचा पगार दोन तुकड्यांत असतो: एक ठरलेला, दुसरा जितके तास उडवाल तितका. गुवाहाटीच्या करारात, मागच्या बाजूला, लिहिलं होतं की विमान उडो न उडो, दर महिन्याला ठरावीक तासांचे पैसे मिळतील. ज्या कंपनीला बसवून पैसे द्यावे लागतात ती पायलटला बसवून ठेवत नाही, हे मला एका वाचनात कळलं. आणि तास जमल्याशिवाय कॅप्टन होता येत नाही, हे तर तिनेच मला शिकवलं होतं. दिल्लीच्या करारात ही हमी नव्हती. मी पुन्हा शोधली. नव्हती.

ती समोर संत्रं सोलत होती. सालांचा वास खोलीभर पसरला होता, आणि मला एकदम ती खोली तिच्याशिवाय दिसली. ऊन तसंच, टेबल तसंच, एकच ताट.

"दिल्ली," मी म्हणालो आणि त्या करारावर फुली मारली. "आकडा मोठा आहे. घर आहे, भाडं वाचेल."

"आणि तास?"

"विमानं आहेत म्हणजे उडणारच की."

"बिल्कुल!" ती म्हणाली आणि संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवून फुलीवर सही केली.

सुरुवातीला ती उडाली. मग सुट्या भागांवाचून कंपनीची विमानं एकेक करून उभी राहिली, आणि तिचं ड्यूटीचं वेळापत्रक रिकामं होत गेलं. इस्त्रीचा युनिफॉर्म दाराला टांगलेला असायचा. मी ऑफिसातून यायचो तेव्हा फोडणीचा वास जिन्यापर्यंत आलेला असे. मग आम्ही चहाचे कप घेऊन गच्चीवर जायचो. दूरवर एकामागून एक विमानं उतरत, धुरकट गुलाबी आभाळात दिवे लावून, आवाज न करता, जणू पाण्याखालून चालल्यासारखी. ती सांगायची, हे पाटण्याहून असणार, हे लेहचं. मी नुसता ऐकायचो. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी सुखी होतो. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच. मुलीचं आयुष्य थांबलं होतं आणि मला ते थांबलेलं आवडत होतं.

एकदा तिच्या मैत्रिणीचा फोन आला, जिने गुवाहाटी घेतली होती. तिचं कॅप्टनचं ट्रेनिंग लागलं होतं.

"अच्छा! चलो, आता पार्टी दे, कॅप्टनसाहेब," मुलगी हसत ओरडली. फोन ठेवल्यावर मात्र तिने घडी घातलेला टॉवेल उलगडला, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडला.

या जानेवारीत आम्ही इथल्या मराठी मंडळींबरोबर पानिपतला, लढाईच्या जागी काला अंबला गेलो होतो. धुकं इतकं की स्मारक जवळ जाईपर्यंत दिसेना. पुढे चालणारी माणसं विरघळत होती, त्यांची बोलणी तेवढी मागे उरत होती. शाल गुंडाळून ती माझ्या बाजूला उभी होती.

"मला धुकं आवडायला लागलंय, बाबा."

"का गं?"

"आज सगळेच जमिनीवर. मी एकटी नाही."

सगळं सांगून टाकावं म्हणून मी तिच्याकडे वळलो. तेवढ्यात तिने माझ्या कोटाच्या खिशात हात घातला, लहानपणी घालायची तसा.

"तू मनाला लावून घेऊ नकोस हां. मला दिसतं, तू झुरतोस. दोन्ही करारांत तासांचं सारखंच होतं ना? मग कुणी काय करणार!"

मी "हं" म्हणालो. त्या दिवशी टेबलाशी मी हमीबद्दल नुसतं बोललो नव्हतो. इथे तोंडाने खोटं बोललो. धुक्यात तिला माझा चेहरा दिसला नसावा.

बाँड अजून संपलेला नाही. महिन्यातून काही दिवस ती उडते, उरलेले माझ्याजवळ असते, आणि मला माफ करून बसली आहे ते चुकीच्या गोष्टीबद्दल. दोन्ही करार सारखे नव्हते, मला ते माहीत होतं आणि तू घरी राहावीस म्हणून मी बोललो नाही, एवढं तिच्या तोंडावर सांगणं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.